कंपनाच्या लग्नाची आठ पानं

६ ऑगस्ट १९६१, रविवार

वहिनीला जाऊन महिना झाला. सकाळी दादाने विचारलं, "आज तुला शाळा नाही ना?" रविवार आहे हे त्याला ठाऊक होतं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. मी नाही म्हटलं.

संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस दामले आले. बगलेत यंदाचं हस्तलिखित, कापडात गुंडाळलेलं. मंडळाची पद्धत अशी की आधी कोरी पानं बांधून घ्यायची, मग ज्याने त्याने ती जाड वही घरी नेऊन आपला मजकूर लिहायचा. चिकपेठेतला बाइंडर दिवाळीच्या तोंडावर काम घेत नाही. बाकी सगळ्यांचं लिहून झालंय. शेवटची आठ पानं कोरी. ती वहिनीच्या चित्रकथेची.

अनुक्रमणिका दामल्यांनी आधीच लिहून टाकलेली. सुंदर अक्षर, काळी शाई, खाली नक्षी. "कंपनाचा विवाह (अखेरचा भाग) : सौ. इंदू केळकर."

मी विचारलं, हे नाव वहिनीने दिलं होतं का?

"पाडव्याच्या सहलीत म्हणाल्या होत्या, यंदा संपवते एकदाची. आता नायिकेची गोष्ट संपायची म्हणजे लग्नानेच ना, बाई?" मग आवाज खाली आणून, "कोणाशी लावायचं होतं हो त्यांच्या मनात? गजदंडाशी की चपलकाशी? तुम्हाला बोलल्या असतील."

नाही बोलली.

दामल्यांच्या मनात बापटने पूर्ण करावं असं आहे. बापट सिनेमाचे फलक रंगवतो, हात चांगला. दादा म्हणाला, "सुमनला विचारा," आणि आत गेला.

९ ऑगस्ट, बुधवार

शाळेतून आल्यावर वहिनीची पेटी उघडली. तीन ब्रश, सुकलेली शाई, रंगांच्या वड्या, गोल आखायला वापरायची ती जुनी बांगडी. कच्चं चित्र नाही, टिपण नाही. असणारही नव्हतं. ती आधी काही ठरवतच नसे. पहिला चौकोन काढायची आणि माझ्याकडे बघायची.

"मास्तरीणबाई, मालगाडीचा भरलेला डबा किती जड असतो?"

मी दुसऱ्या दिवशी शाळेत विचारून, पुस्तकात बघून सांगायची. ते कळेपर्यंत गजदंड डब्याला हात लावत नसे. उचलल्यावर त्याच्या पायाखालची जमीन किती खचेल तेही मला काढून द्यावं लागे. चपलकाचं तसंच. मॅजेस्टिकला कॉफी सांगून म्हैसूरला जाऊन यायचं आणि कॉफी गरम मिळायची, तर वेग किती? मी काढून दिला. एवढ्या वेगात धोतर जळेल म्हटलं, तर त्या वर्षापासून चपलकाला तिने कातड्याची विजार घातली.

आणि तिचा एक नियम. एका शक्तीने एक काम एकदाच. गजदंडाने पूल एकदा खांद्यावर धरला ना, मग पुढच्या वर्षी पुलाखाली जायचं नाही. "तेच पुन्हा केलं तर मग ती ताकद कसली, सवय झाली," म्हणायची.

निपाणीची मॅट्रिक झालेली बाई. चित्रकलेची परीक्षा दिलेली नाही. मराठीत असं कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. तिला हे कधी म्हटलं नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

१३ ऑगस्ट, रविवार

दामल्यांकडून मागच्या वर्षांची हस्तलिखितं आणली. पाच आहेत. त्यांना वाटलं मी बापटसाठी नेतेय. वाटू दिलं.

कंपना पहिल्या वर्षी नव्हती. दुसऱ्या वर्षी आली. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आम्ही खाली घरमालकीण राधाक्कांच्या झोपाळ्यावर बसलो होतो, वहिनी मध्ये, मी नुसत्या एका बोटाने झोका देत होते. वहिनी म्हणाली, एका बोटाने एवढा मोठा झोका कसा जातो? मी सांगितलं, प्रत्येक वस्तूची हलायची आपली एक वेळ असते. ती वेळ साधून ढकललं तर बोट पुरतं. म्हणून तर सैनिक पुलावरून जाताना एका तालात पाऊल टाकत नाहीत.

तिने पायाने झोका थांबवला. मग, "म्हणजे बारक्या बाईलासुद्धा पूल पाडता येईल?"

येईल. वेळ ओळखता आली तर.

तिथून कंपना. शेलाट्या अंगाची, नऊवारी कासोटा, हातात काही नाही. भिंतीला तळहात लावते, डोळे मिटते, थांबते. मग बोटाने ढकलते.

ह.लि.च्या शेवटी अभिप्रायाची पानं असतात. प्रत एकच. मंडळाच्या घराघरांतून फिरते, दोन दोन दिवस प्रत्येकाकडे. जो तो वाचतो आणि लिहितो. इतरांच्या कवितांना "छान", "उत्तम". वहिनीच्या कथेला पानंच्या पानं. आज वाचत बसले.

"गजदंड व कंपना यांची कुस्ती झाल्यास गजदंड एका बुक्कीत जिंकेल."

खाली दुसऱ्या शाईत: "बुक्की उगारेपर्यंत त्याचे दात हलू लागतील."

खाली: "चपलक दोघांच्या मधून तीनदा जाऊन येईल. कंपनाने चपलकाशीच लग्न करावे. घरी लवकर येणारा नवरा बरा."

खाली बायकी अक्षर: "लवकर येणारा लवकर जातोही."

कारखान्यातले पुरुष बहुतेक गजदंडाचे, कॉलेजातल्या मुली चपलकाच्या. दादाच्या कारखान्यात तर जेवणाच्या सुट्टीत म्हणे दोन बाकं वेगळी असतात. वहिनीने या पानांवर एकदाही उत्तर लिहिलं नाही. मी लिहिलं, एकदाच. कोणीतरी डब्याचं वजन चुकीचं म्हटलं होतं. बरोबर आकडा लिहून सही न करता ठेवलं.

२३ ऑगस्ट, बुधवार

राधाक्कांनी पायरीवर अडवलं.  त्यांचं घराणं तिनेकशे वर्षं इथेच, मराठी त्यांची निम्मी कन्नडच.

"स्वल्प बस गं. काय ठरलं त्या पोरीचं?"

मी म्हटलं, काही नाही.

"चपलकाला द्या. गजदंड घरात आला तर माझी कौलं कोण बसवणार? तो तर दारातसुद्धा मावत नाही." मग सुपारी कातरत, "तुझं राहिलं ते राहिलं. निदान कागदावरच्या पोरीचं तरी वेळेत होऊ दे."

मी हसले. त्यांच्या टोमण्यांची सवय आहे. जायला उठले तशा म्हणाल्या, "आणि तू कसली गप्प बसतीस. ती कंपना म्हणजे तूच की."

मी म्हटलं, काहीतरीच.

"काहीतरीच कसं? चालते बघ कशी. हात छातीशी, पिशवी धरल्यागत. हनुवटी वर. मल्लेश्वरमात असं चालणारी तू एकटीच हाईस. इंदू मला म्हणाली नाही, पण मला डोळे आहेत."

वर येऊन ह.लि. काढून पाहिली. आरशात पाहिलं नाही. पण हनुवटी

राहू दे.

३ सप्टेंबर, रविवार

मंडळाच्या खोलीत बैठक. मी गेले. इतकी वर्षं मंडळात जाते ती हळदीकुंकवाला पेले भरायला. बैठकीला आजच. दामले, बापट, दादाच्या कारखान्यातले तिघेचौघे, कॉलेजच्या दोन मुली. दादा आला नाही.

बापटने पेन्सिलीत आठ पानं करून आणली होती. हात खरोखर चांगला आहे. नंदीच्या डोंगरावर मांडव. कंपनाला मुंडावळ्या, मान खाली. सप्तपदीत ती आपलं कंपन गजदंडाच्या ओंजळीत सोडते. शेवटच्या चित्रात गजदंड दुप्पट मोठा, ती पानात श्रीखंड वाढतेय.

सगळ्यांना आवडलं. कारखान्यातला एक म्हणाला, "हिशोब बरोबर आहे. दोघांची बेरीज एका घरात."

मी म्हटलं, "बेरीज होत नाही."

सगळे बघायला लागले. बोलणं भाग होतं. म्हटलं, गजदंडाची ताकद मणात मोजता येते, आता किलोत. कंपनाची येत नाही. तिची ताकद समोर काय आहे त्यावर ठरते. समोर पूल असेल तर पुलाएवढी, पेला असेल तर पेल्याएवढी. तिच्यापाशी वेगळं काढून द्यायला काही नाहीच. देणार काय? वेळ ओळखणं ओंजळीत कसं ओतणार?

दामले समजुतीने म्हणाले, "बाई, ही चित्रकथा आहे. पदार्थविज्ञानाचा पेपर नव्हे."

"वहिनी काढत होती तोवर दोन्ही होतं."

 माझे कान तापले होते. पण मी खाली बघितलं नाही. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "बाईंचं बरोबर आहे. लग्न झालं म्हणून तिची शक्ती का जावी?" तर कारखान्यातले दुसरे, "मग घरात भांडण झालं तर गजदंडाचं काय होईल?" आणि हशा.

बापटच पहिल्यांदा म्हणाला, "मग बाई, तुम्हीच काढा की." रागाने नाही म्हणाला. पानं गुंडाळून घेतली.

दामल्यांनी निवाडा दिला. दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत पानं भरून आणा, नाहीतर बापटची जातील. आणि अनुक्रमणिकेत विवाह लिहिलेला आहे, तो व्हायला हवा. शाईचं आहे, खोडणार नाही.

मला चित्र काढता येत नाही. माझा बेडूक मुली ओळखत नाहीत.

१० सप्टेंबर, रविवार

दादाला आज सांगितलं. आठवडाभर धीर होत नव्हता. तो स्टोव्हला पिन करत होता. म्हणाला, "चौकोन मी आखतो. तिचे मीच आखायचो."

मला माहीत नव्हतं. मी त्याच घरात राहते आणि माहीत नव्हतं. रात्रपाळीहून आला की ती झोपलेली असताना तिच्या पुढच्या पानाचे चौकोन आखून ठेवायचा म्हणे. टूलरूमचा माणूस. रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. मला वाटायचं ते तिच्या हाताचं कसब.

मग म्हणाला, "माणसंही काढून बघतो. पण लग्न गजदंडाशी."

मी म्हटलं, ते ठरलेलं नाही.

"ठरलेलं आहे." पिन खाली ठेवली. "गजदंड उभा कसा राहतो बघ."

मी ह.लि. आणली. पाहिलं. डावा खांदा जरा खाली. दारातून येताना, दार उंच असलं तरी मान वाकवतो. कारखान्यातल्या मोठ्या प्रेसखाली वाकून वाकून दादाला ती सवय आहे. बसतानाही गुडघ्यावर दोन्ही मुठी, दादासारख्या.

इतकी वर्षं मी गजदंडाच्या वजनाचा हिशोब करत आले. खांदा बघितला नाही.

"आणि कंपना ती," दादा म्हणाला. "तीच. घरात सगळं एका बोटाने."

राधाक्का काय म्हणाल्या ते मी त्याला सांगितलं नाही. सांगणारही नाही. बैठकीत एवढी बोलले आणि घरात गप्प बसले. त्याला हवं आहे की कागदावर तरी त्या दोघांचं लग्न पुन्हा लागावं. आणि मला वहिनीची कंपना जशी होती तशी हवी. मी चुकते आहे का कळत नाही.

१३ सप्टेंबर, बुधवार

गणपती. यंदा आपल्याकडे नाही. राधाक्कांनी मोदक पाठवले. दादाने एक खाल्ला.

१७ सप्टेंबर, रविवार

दादाने कंपना काढली. दिवसभर बसला होता. टी-स्क्वेअर, कंपास, सगळं. संध्याकाळी कागद पुढे केला. डावीकडे कंपना समोरून, उजवीकडे तीच बाजूने, खाली वरून, तीनही एका मापात. कासोट्याला मापाच्या बाणरेघा.

राधाक्का वर आल्या होत्या. चष्मा पुसून पाहिलं.

"वसंतण्णा, ही पोरगी हाय की पंप?"

दादा हसला. जुलैनंतर पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि मग उठून नळावर गेला. बराच वेळ नळ चालू होता.

२४ सप्टेंबर, रविवार

उपाय सापडला. अव्हेन्यू रोडवरून ट्रेसिंग कागद आणला. वहिनीनेच काढलेली कंपना जुन्या ह.लि.तून उचलायची. धावताना, भिंतीला हात लावताना, झाडावर, वळून बघताना. दादाचा हात मापात पक्का, रेघेवरून रेघ तंतोतंत जाते. म्हणजे रेघ तिचीच.

पण मग गोष्ट अशी हवी की त्यात कंपनाच्या अंगाच्या हालचाली पूर्वी काढलेल्याच असतील, पण काम पूर्वी केलेलं नसेल. हे माझ्यावर. आयुष्यात गोष्ट रचलेली नाही.

खलनायक शोषक आहेच, मागच्या वर्षी अर्धवट सोडलेला. तळी पिऊन टाकतो. सँकी टँक प्यायला, पोट डोंगराएवढं. गजदंडाने बुक्की मारली तर मूठ आत रुतते. चपलकाला पकडायला काही नाही. आता कंपना काय करेल? त्याला धक्का देऊन हलवणं झालेलं आहे, तिसऱ्या वर्षी, राक्षसाचं. ते चालणार नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

सुचलं. नळाचं पाणी खालून आणत होते. भरलेली बादली एका ठराविक चालीने आणली की जास्त सांडते. हळू चाललं तर नाही, भरभर चाललं तरी नाही.

शोषकाला ढकलायचं नाही. त्याला चालवायचं. कंपना त्याच्यापुढे टाळ्या वाजवत चालते, तो चिडून तिच्यामागे, नकळत तिच्या टाळीवर पाऊल. पोटातलं पाणी डोलायला लागतं. दर पावलाला थोडं जास्त. शेवटी त्याचं त्यालाच उभं राहवत नाही, आणि सगळं तळं तोंडातून परत. बोटसुद्धा लावलं नाही तिने. काम नवं.

दादाला सांगितलं. त्याने विचारलं, पाणी एकदम परत आल्यावर बांध टिकेल का? हा प्रश्न वहिनीने विचारला असता. मी आकडेमोड केली. नाही टिकणार. मग गजदंड बांधाला पाठ लावून उभा राहील. काही करायचं नाही, हलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. चपलक खालच्या वस्तीला सांगायला जाईल. तिघांत मोठा कोण हे मला विचारलं तर मला सांगता येणार नाही, आणि सांगता येऊ नये अशीच गोष्ट रचायची.

"उभं राहणं चांगलं आहे," दादा म्हणाला.

ही माझी गोष्ट नाही. तिच्या नियमाने निघालेली तिचीच आहे. तरी मला दिवसभर बरं वाटत होतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी लागली. सहा पानं झाली. दादा पाळी संपवून येतो, हात धुतो, बसतो. मी शब्द लिहिते. फार बोलत नाही आम्ही. शोषकाचं पोट दादाने एकट्याने काढलं, कंपासने, आणि झकास झालंय.

बापट आज येऊन पाहून गेला. मनात काही नाही त्याच्या. म्हणाला, "पाण्याला उजेड असा येतो," आणि चार फटकाऱ्यांत पाणी हलवून दिलं. मी चहा केला. जाताना म्हणाला, "इंदूबाईंची रेघ ओळखू येते हो." मी हो म्हटलं. आणखी पुष्कळ म्हणायचं होतं.

१५ ऑक्टोबर, रविवार

लग्नाचं पान अडलं. पाचही ह.लि. पुन्हा पहिल्या पानापासून चाळली, मुंडावळ्या बांधलेल्या डोक्यासाठी. मान खाली घातलेली कंपना हवी होती. एकही नाही. थकलेली आहे, पडलेली आहे, चिखलात आहे, रडतानाही आहे एकदा. मान खाली नाही. एकदाही नाही.

दादाला दाखवलं. त्यानेही सगळी पाहिली. "मग वरच राहील," म्हणाला.

नवरदेवावरून मात्र आज आमचं वाजलं. म्हणजे मी एक वाक्य बोलले आणि त्याने एक. मी म्हटलं, मंडळातल्या सगळ्यांचं काही ना काही म्हणणं आहे, आपण ठरवून टाकायला नको. तो म्हणाला, "मंडळाचं मला सांगू नकोस." 

भांडी घासताना अंतरपाटाचं सुचलं. लग्न लागण्याच्या आधीचा क्षण. मधे अंतरपाट धरलेला, एका बाजूला कंपना, मान वर, हातात माळ. पलीकडे कोण ते दिसतच नाही. विवाह लिहिलाय, विवाह आहे.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "खालून पाय दिसतील." मी म्हटलं, चौकट तिथेच संपव. त्याने विचारलं, "तिला आवडलं असतं का?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

"बरं," म्हणाला.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आठवं पान झालं. सकाळी उठले तर दादा पेन्सिलीने काही काढत होता. कारखान्याच्या नकाशात आड गेलेला भाग तुटक रेघेने दाखवायची पद्धत आहे. झाकला तरी असतो, म्हणून दाखवायचा. सवयीने त्याने अंतरपाटापलीकडचा माणूस तुटक रेघेने काढला होता. मी आत आल्यावर हाताने झाकलं.

"खोडतो," म्हणाला.

मी म्हटलं, मी पाहिलं नाही. कोण होतं ते पाहिलं नव्हतंच. चहा ठेवायला गेले. परत आले तेव्हा खोडलेलं होतं, अंतरपाटावर रंग दिलेला होता आणि खोडरबराचा चुरा तो फुंकत होता.

नाव कोणाचं घालायचं हा प्रश्नच आला नाही. अनुक्रमणिकेत आहे तेच. फक्त दामल्यांना आधी कै. लावायला सांगायला हवं. ते मी सांगेन.

२२ ऑक्टोबर, रविवार

ह.लि. दिलं. दामल्यांनी उभ्यानेच आठ पानं वाचली. शेवटच्या पानाशी आल्यावर माझ्याकडे पाहिलं, परत पानाकडे.

"अहो पण, पलीकडे कोण?"

मी म्हटलं, वहिनीने सांगितलं नव्हतं.

"हे लोक मला खातील." मग चष्मा काढून, "पोटातलं पाणी डोलतं ते मात्र... हे त्यांचंच आहे. शंकाच नाही." टाक घेऊन माझ्यासमोर सौ.च्या आधी कै. लिहिलं. अक्षर चांगलंच आलं.

घरी चालत आले. अंगात हलकं वाटत होतं. दुखवट्यातल्या घरात असं वाटावं का, पण वाटलं.

८ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळी. आमच्याकडे कंदील नाही. खाली राधाक्कांचा आहे, उजेड वरपर्यंत येतो. मंडळाच्या कार्यक्रमात ह.लि. ठेवलं होतं तिथे गर्दी होती म्हणे. राधाक्का सांगत होत्या. "एक म्हातारा म्हणाला, ही बाई असती तर पुण्यामुंबईला नाव झालं असतं. मी म्हटलं, आमच्या माडीवर नाव आहे, ते काय कमी हाय?"

दादा ऐकत होता. उठून त्यांच्यासाठी पाट आणला.

२० नोव्हेंबर, सोमवार

ह.लि. फिरत फिरत परवा आमच्याकडे आलं. आज पुढच्या घरी जायचं. अभिप्रायाची पानं भरली आहेत, दामल्यांनी वरून दोन चिकटवली.

काल दादाला सगळं वाचून दाखवलं. "पलीकडे गजदंडच. बांध धरणाऱ्यालाच मुलगी द्यावी." खाली: "बांध धरणारा अजून बांधाशीच आहे, मांडवात कसा येईल? चपलकच." खाली: "पलीकडे कोणीही असो, अंतरपाट कंपना स्वतःच खाली ओढेल असे दिसते." हे त्या कॉलेजच्या मुलीचं असावं. एकाने शोषकाच्या चालीचं गणित तपासून "बरोबर" लिहिलंय आणि सही केली आहे. ते मी दोनदा वाचलं.

एक मात्र वाचून दाखवलं नाही. अगदी कोपऱ्यात, बारीक: "शेवटचे पान उजेडासमोर धरून पाहावे." आणि त्याखाली दोघांचं जुंपलेलं. एक म्हणतो, खांदा स्पष्ट आहे, डावा, खाली झुकलेला. दुसरा म्हणतो, खांदा कसला, बाईमाणसाची हनुवटी आहे, हात छातीशी. तिसऱ्याने लिहिलंय, कागद नुसता घासलेला आहे, काही नाही.

सकाळी पान उघडून बसले. खिडकी समोरच. वही उचलली नाही. कंपना मान वर करून उभी आहे, माळ हातात, आणि ती कोणाकडे बघते आहे ते तिला दिसत असणार.

दादा डबा घेऊन निघाला. दारात थांबून म्हणाला, "सगळ्यांनी लिहिलं. तू काही लिहिलं नाहीस?"

मी म्हटलं, दुपारी वही न्यायला येतील, तोवर बघते.

"लिही," म्हणाला. "सही करून लिही."